'मेइजी ५': शक, सन की राज्यवर्ष?

प्रश्न असा की, जपानच्या इतिहासावर मराठीत लिहिताना 'मेइजी ५' याला 'मेइजी शक ५' म्हणावे का, आणि पुढे कंसात १८७२ टाकले की भागते का?

'शक' चुकीचा नाही, पण खटकतो. आपल्याकडे शक म्हणजे एकदा सुरू झाला की शतकानुशतके वाढत जाणारा आकडा. जपानी 'नेंगो'चे, म्हणजे दरबाराने नाव देऊन ठरवलेल्या कालखंडाचे, नाव बदलले की मोजणी पुन्हा १ वर येते. कोमेइ सम्राटाच्या एका कारकिर्दीत ते सहा वेळा बदलले. शिलालेखांच्या अभ्यासातला 'राज्यवर्ष' (राजा गादीवर आल्यापासूनचे वर्ष) जवळचा वाटतो, पण इथे तोच फसवतो. मुत्सुहितो, म्हणजेच मेइजी सम्राट, गादीवर आला फेब्रुवारी १८६७ मध्ये. 'मेइजी' हे नाव लागले ऑक्टोबर १८६८ मध्ये, तेही त्या वर्षाच्या आरंभापासून धरून. तेव्हा पहिल्यांदा 'मेइजी नेंगोचे ५वे वर्ष' लिहावे, पुढे नुसते 'मेइजी ५'.

कंसातल्या सनाचे मात्र जपून. १८६७ मिळवायचे हा हिशेब मेइजी ६ पासून बिनधोक, कारण तेव्हापासून जपानने इंग्रजी (ग्रेगोरियन) पंचांग घेतले. त्याआधीचे पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर, अधिक महिन्यासकट, आणि वर्ष साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत सुरू होणारे. सम्राटाकडे सत्ता परत आल्याची घोषणा झाली केइओ (मेइजीच्या आधीचा नेंगो) ३ च्या बाराव्या महिन्यात, ९ तारखेला. केइओ ३ म्हणजे १८६७, असे लिहून मोकळे झालात तर चुकलात: तो दिवस ३ जानेवारी १८६८. महिन्याचेही तेच. शिंबाशी-योकोहामा रेल्वेचे उद्घाटन नवव्या महिन्याच्या १२ तारखेचे, म्हणजे १४ ऑक्टोबर १८७२. त्याचे '१२ सप्टेंबर' करू नये.

खरी गंमत मेइजी ५ च्या शेपटाला आहे. बारावा महिना दोनच दिवसांचा! ३ तारीख उजाडायची ती १ जानेवारी १८७३, मेइजी ६ म्हणून उजाडली. पंचांग बदलण्याचे फर्मान निघाले जेमतेम २३ दिवस आधी. पुढच्या वर्षाची पंचांगे छापून बसलेले छापखानेवाले बुडाले. घाईमागे तिजोरी होती. पगार नुकतेच महिन्यावारी झाले होते आणि मेइजी ६ मध्ये अधिक महिना येणार होता, म्हणजे तेरा पगार. तेव्हा सरकारात असलेल्या ओकुमा शिगेनोबुंनी पुढे हे स्वतःच सांगितले. दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचा पगारही वाचला, हे वर.

म्हणून कुठे 'मेइजी ५, बारावा महिना, १५ तारीख' दिसली तर आधी मूळ कागद पाहावा. सरकारी पंचांगात तो दिवस नाही.