चाप पुढे ढकलला आणि बंदूक उघडली!

प्रश्न: एका संग्राहकाकडे जुनी अमेरिकन दुनळी बघितली. वर दोन घोडे (काडतूस उडवणारे हातोडे), पण नळ्या उघडायची लिव्हर काही सापडेना. शेवटी त्यांनीच हसत पुढचा चाप बोटाने पुढे ढकलला आणि बंदूक कमरेत मोडली! हे मुळातलंच आहे की नंतर कोणी केलेला जुगाड?

उत्तर: मुळातलंच आहे हो. विल्यम बेकर नावाच्या कारागिराचं हे १८७५ चं पेटंट. मागे ओढला की बार, पुढे ढकलला की नळ्या मोकळ्या, एकाच चापाला दोन कामं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये एल. सी. स्मिथने या बंदुका विकल्या, तोच स्मिथ पुढे टाइपरायटरच्या धंद्यात गेला. बेकरने तीन नळ्यांचीही केली होती, वर दोन छऱ्याच्या आणि खाली एक रायफलची. डोकं भारी, पण भरलेल्या बंदुकीच्या चापाशी उघडण्यासाठी बोट न्यायचं हे मला स्वतःला कधी पटलं नाही. बंदुकीच्या माथ्यावरच्या लिव्हरने उघडायच्या पद्धतीसमोर ही पद्धत टिकली नाही यात नवल नाही.

प्रश्न: दुनळीला प्रत्येक नळीचा एक अशा दोन चापांऐवजी एकच ठेवायला इंग्लिश कारागिरांना एवढा त्रास का झाला? एकदा ओढला उजवी, परत ओढला डावी, संपलं की!

उत्तर: त्यांनाही असंच वाटलं होतं, म्हणून तर फसले. सुरुवातीच्या एकचापी बंदुकांचे दोन्ही बार बऱ्याचदा एकदम उडायचे आणि नेम धरणारा शपथेवर सांगायचा की मी एकदाच ओढला! तो खोटं बोलत नव्हता. होतं काय, की पहिला बार उडाला की धक्क्याने बंदूक मागे जाते, चाप बोटाखालून क्षणभर सुटतो, मग खांद्यावर आपटून बंदूक परत पुढे येते आणि बोट तर आवळलेलंच असतं, त्यामुळे चाप पुन्हा ओढला जातो, माणसाला पत्ताच नाही. लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने १८९४ च्या पेटंटमध्ये ही नकळतची ओढ हिशोबातच धरली. आत स्प्रिंगवर फिरणारा छोटा ड्रम बसवला: पहिल्या ओढीला उजवी नळी, दुसरी नकळतची ओढ रिकामी जाते, तिसरीला डावी. माणसाला मात्र दोनच ओढी जाणवतात. माणसाच्या बोटाला शिस्त लावायच्या भानगडीत न पडता त्याची चूकच यंत्रात बसवली, मला या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पुढे दुसरी युक्ती आली, आत एक वजन ठेवायचं आणि धक्क्याने ते सरकलं की चाप दुसऱ्या नळीला जोडला जायचा. सोपं आहे, पण पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्काच नाही, मग दुसरी नळीही गप्प.

आणि गंमत म्हणजे १९३१ साली बाजारात आलेल्या ब्राउनिंग सुपरपोझ्ड या एकावर एक नळ्यांच्या दुनळीच्या काही बंदुकांना दोन चाप, पण दोन्ही चाप दोन्ही नळ्या उडवणारे! पुढचा दोनदा ओढा, एक क्रम. मागचा दोनदा ओढा, उलटा क्रम. कुठली नळी आधी ते बोटच ठरवतं, नळी निवडायचं वेगळं बटण शोधत बसायला नको.

प्रश्न: माझ्या दुनळीचा पुढचा चाप लुळा आहे. मागे ओढला तर पक्का, पण मागून बोट लावलं की पुढे झुकतो आणि स्प्रिंगने परत येतो. झिजलाय का?

उत्तर: नाही, हात लावू नका! तो बिजागरीचा चाप आहे, मुद्दाम केलेला. मागचा चाप ओढताना पुढचा चाप धक्क्याबरोबर बोटाच्या पाठीवर आपटतो, तो झुकला की बोट वाचतं. माझ्या एका मित्राने असाच 'ढिला' चाप दुरुस्तीला दिला, तिथल्या माणसाने बिजागरी अगदी मनापासून घट्ट करून दिली, आणि पहिल्याच दिवशी पंचवीस काडतुसांनंतर बोट दुखावून मित्रावर चमच्याने वरण खायची वेळ आली.