‘मधुरा तर हसते की!’

मधुराने ते हसू मला हसून दाखवलं. ओठ मिटलेले, नाकातून दोनदा ‘हं हं’, मान जराशी खाली, आणि लगेच नजर लॅपटॉपकडे वळवायची. माझ्या खोलीत लॅपटॉप नव्हता, म्हणून ती टीपॉयवरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली. “मॅडम, हे असं. रोज सकाळी दहा वाजता.”

मधुरा हे नाव खरं नाही. बाकी नावं आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

ती आली होती पोटदुखीसाठी. साडेनऊ वाजले की पोटात कळ यायची, शनिवार-रविवारी काही नाही. सोनोग्राफी झाली, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, “ऑफिसात काही टेन्शन आहे का गं?” आणि समुपदेशनासाठी माझा नंबर दिला. वय एकोणतीस, पुण्यात आयटीत सहा वर्षं, बॅकएंडचं काम. टीममध्ये नऊ जण, त्यात मुली दोन. दहाला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग. सगळे पंधरा मिनिटांत आपापलं काम सांगणार आणि मधेमधे टीम लीड ‘वातावरण हलकं’ करणार. त्याला निखिल म्हणू.

दोघी मुली कोडच्या एकाच ब्रँचवर, म्हणजे एकाच प्रतीवर, काम करत असल्या की, “दोन बायका एकत्र म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट येणारच.” (दोघांनी कोडमध्ये केलेले बदल एकमेकांत बसेनात, त्याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात.) बिल्ड फुटलं, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र जोडताना बिघडला, की, “आज कोणाचे ते दिवस आहेत?” रात्रीच्या ऑन-कॉलला, म्हणजे काही बिघडलं तर हजर राहायच्या पाळीला, मधुराचं नाव आलं की, “नवऱ्याची सही आणलीस ना?” आणि तिला अप्रेझलमध्ये चांगलं रेटिंग मिळालं तेव्हा, “तुमचं बरंय बाई, डायव्हर्सिटीत सुटता.” म्हणजे रेटिंग कामाचं नाही, बाई असल्याचं.

एवढं सांगून झाल्यावर तिने तो प्रश्न विचारला. “मॅडम, खरं सांगा. मी फार मनाला लावून घेते का?”

बँकेतल्या, शाळेतल्या, हॉस्पिटलमधल्या बायकांकडून हा प्रश्न मी अनेक वर्षं ऐकत आले आहे. आयटीतल्या मुली विचारतात तेव्हा त्यात आणखी एक पेच असतो. तिथे साहेब नसतो. सगळ्यांना नावाने हाक, अरेतुरे, टीम लंच, ट्रेक, वाढदिवसाचा केक. त्यामुळे शेरेबाजीला हरकत घेतली की साहेबाची तक्रार केल्यासारखं वाटत नाही, मैत्री मोडल्यासारखं वाटतं. वरिष्ठ असतोच, त्याच्या हातात रेटिंगही असतं. फक्त ते कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून मुलगी दोष स्वतःकडे घेते: मलाच विनोद कळत नाही.

घरीही तेच. नवरा म्हणाला, “तू पण काहीतरी टाक ना उलटं.” आई म्हणाली, “एका कानाने ऐक, दुसऱ्याने सोडून दे.” दोघांच्याही मनात तिच्याविषयी माया होती. पण बदलायचं कोणी, तर मधुराने, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं.

मी तिला एवढंच म्हटलं, “ते डायव्हर्सिटीचं ऐकून हसलीस, तेव्हा पोटात काय होत होतं?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “गोळा. पण चेहरा हसत होता.”

दुसऱ्या भेटीत खरा सल बाहेर आला. टीममधली दुसरी मुलगी, वर्षभरापूर्वीच लागलेली, एकदा धीर करून निखिलला म्हणाली होती, “हे असं बोलू नका ना.” त्यावर तो हसत म्हणाला, “अगं, मधुरा तर हसते की!” त्यानंतर ती मुलगी मधुराशी कामापुरतंच बोलायला लागली. हे सांगताना मधुरा पहिल्यांदा रडली. विनोदांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं होतं. तिचं हसू तिच्या नकळत निखिलचा साक्षीदार झालं होतं.

तुला आधीच का नाही सुचलं, असं मी तिला विचारलं नाही. कोणी विचारूही नये. गटात आपला जीव वाचवायला माणूस हसतो. त्याला भेकड म्हणणं अन्याय आहे. मी विचारलं, “हे हसू किती जुनं आहे?”

ते इंजिनिअरिंग कॉलेजातलं निघालं. इमेज प्रोसेसिंगचं प्रॅक्टिकल. पडद्यावर टोपी घातलेली, खांद्यावरून मागे वळून बघणारी एक बाई. संगणकाच्या अनेक विद्यार्थ्यांनी ही प्रतिमा पाहिली असेल, ‘लेना’ या नावाने. फिल्टर लाव, कडा शोध, कॉम्प्रेस कर, सगळं त्याच चित्रावर. मागच्या बाकावर मुलं खुसखुसत होती, कारण त्यांनी मूळ पूर्ण फोटो शोधून काढला होता. तो प्लेबॉय मासिकाच्या नोव्हेंबर 1972 च्या अंकातला. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याचा वरचा भाग स्कॅन केला गेला आणि पुढे पन्नास वर्षं तो चाचणीची प्रतिमा म्हणून वापरात राहिला. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही प्रतिमा असलेले शोधनिबंध घेणं थांबवलं ते 1 एप्रिल 2024 पासून. ते चित्र कुठून आलं, हे मधुराच्या बॅचला कोणी शिकवताना सांगितलं नव्हतं. एका मुलाने मोबाइल तिच्यापुढे धरला, “बघ, तुमची लेना.” आणि ती पहिल्यांदा तशी हसली. ओठ मिटून.

“म्हणजे दहा वर्षं,” ती बोटं मोजत म्हणाली.

‘नुसता विनोदच तर आहे’ याचं उत्तर मी एरवीही देते ते इथे लिहिते. मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आहेत. त्यांना आढळलं ते असं की, स्त्रियांना हिणवणारा विनोद ऐकून सगळे पुरुष बिघडत नाहीत. पण ज्यांच्या मनात बायकांविषयी आकस आधीपासून असतो, त्यांना अशा विनोदानंतर तो आकस वागण्यात आणायला मोकळीक मिळते. इथे हे चालतं, असा निरोप विनोद देतो. निखिलच्या टीममध्ये तो निरोप रोज दहा वाजता जात होता, आणि मधुराने लिहिलेला कोड पुन्हा पुन्हा तपासला जात होता, तसा दुसऱ्या कोणाचा जात नव्हता. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, हे तिचं तिलाच दिसलं. मला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या भेटीत ती इंटरनेटवरून उत्तरांची यादी घेऊन आली. खरमरीत, टोकदार, टाळ्या पडतील अशी. आम्ही म्हणून बघितली. मी निखिल झाले, ती मधुरा. तिचा आवाज कापायला लागला. मी म्हटलं, हे ठेव बाजूला. टोला परतवला की सामना सुरू होतो, आणि सामन्यात ज्याच्या बाजूने जास्त माणसं हसतात तो जिंकतो. तुझ्या टीममध्ये ती माणसं कोणाकडे आहेत ते तुला माहीत आहे.

त्याऐवजी मी तिला दोनच गोष्टी दिल्या. एक, हसायचं नाही. रागाने बघायचंही नाही, चेहरा नुसता आहे तसा ठेवायचा. दुसरी, साध्या आवाजात एक प्रश्न: “मला कळलं नाही, यात गंमत काय आहे?” हा प्रश्न टोमण्यासारखा विचारला तर फुकट जातो. बिल्ड का फुटलं, हे विचारताना जो आवाज लागतो तोच इथे लावायचा. मग समोरच्याला समजावून सांगावं लागतं, आणि अशा विनोदाचं स्पष्टीकरण मोठ्याने देणं फार अवघड असतं.

सरावात मी मुद्दाम म्हटलं, “अगं, मस्करी होती!” ती अडली. आम्ही ते वाक्य सात-आठ वेळा घेतलं. शेवटी तिचं तिलाच सापडलं: “हो, मस्करी होती ते कळलं. मला आवडली नाही. पुढचं तिकीट कोणाचंय?” हे ‘पुढचं तिकीट’, म्हणजे यादीतलं पुढचं काम, मला फार आवडलं. त्यात भांडण नाही, माफीही नाही.

तिला भीती होती ती नोकरीची. 2013 मधला कॅलिफोर्नियातल्या पायकॉन परिषदेचा, म्हणजे पायथन ही संगणकाची भाषा वापरणाऱ्यांच्या परिषदेचा, प्रसंग तिने वाचला होता. मागच्या रांगेत बसलेल्या दोघांचे द्व्यर्थी विनोद ऐकून एका स्त्रीने त्यांचा फोटो ट्विटरवर टाकला. त्यांतल्या एकाची नोकरी गेली आणि मग प्रचंड गदारोळ होऊन तिचीही गेली. “बोललं की हे होतं,” मधुरा म्हणाली. मी तिला सांगितलं की त्या बाईंना दोष द्यायला मी तयार नाही. पण त्यातून एक समज घेता येते. जगासमोर मांडणं ही बोलायची एकच वाट नाही, आणि पहिली तर नक्कीच नाही.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्यायला लावलं, कारण अर्धवट माहितीने मुली एक तर घाबरतात किंवा भलतीच आशा धरतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्याच्या व्याख्येत लैंगिक अर्थाची शेरेबाजी स्पष्टपणे आहे. त्यात कळीचा शब्द आहे नकोसं वर्तन. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हा बचाव तिथे फारसा टिकत नाही. जानेवारी 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका आयटी कंपनीच्या प्रकरणात हेतूपेक्षा कृती महत्त्वाची, असंच म्हटलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा असतो. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलं आहे.

पण मर्ज कॉन्फ्लिक्टचा विनोद? तो बाईला कमी लेखतो, तरी त्यात लैंगिक काही नाही. तो एकटा या कायद्यात बसेलच असं मी तिला सांगितलं नाही. त्यासाठी कंपनीची आचारसंहिता आणि एचआर. ‘ते दिवस’ आणि पुढे कोणी त्याहून घाण काही बोललं, तर समिती. म्हणून तिने वही केली. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र नाही, घरच्या साध्या दोनशे पानी वहीत. पहिलं पान लिहिलं त्या रात्री ती गाढ झोपली. माझ्या अनुभवात बऱ्याच जणींचं असं होतं. डोक्यात फिरणारी गोष्ट कागदावर बसली की पोट जरा सैल होतं.

पहिल्या वेळी तिला जमलं नाही. घसा आवळला, हात माऊसवर तसाच राहिला. पण हसली नाही. तिने मला सांगितलं, “तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं आता छत पडणार.” निखिल म्हणाला, “काय गं, आज मूड नाही?” ती म्हणाली, “मूड आहे.” एवढंच. त्या आठवड्यात मी तिच्याकडून आणखी काही मागितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने प्रश्न विचारला. निखिल गोंधळला. “अगं म्हणजे... बायका... जाऊ दे.” नंतर दोन दिवस तो तिच्याशी तुटक वागला. पोटदुखी परत आली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बोललं की लगेच बरं वाटतं असं नाही. आधी जास्त त्रास होतो, आणि तेव्हा सोबत कोणीतरी लागतं.

सोबत आली ती अनपेक्षित जागेवरून. टीममधल्या एका ज्युनिअर मुलाने, त्याला अमेय म्हणू, तिला चॅटवर लिहिलं, “बरं केलंस बोललीस. मलाही ते खटकायचं.” मधुरा चिडून माझ्याकडे आली. “खासगीत सांगतो! त्या वेळी तोंड का नाही उघडलं?” तिचं चिडणं रास्त होतं. तरी मी म्हटलं, त्याला नेमकं काय करायचं ते सांग. बऱ्याच पुरुषांना वाटतं की आपण मधे पडलो तर बाईचा कैवार घेतल्यासारखं होईल. भाषण द्यायची गरज नसते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तिने त्याला लिहिलं, “पुढच्या वेळी नुसतं म्हण, चला पुढे जाऊ या.”

अमेयने ते केलं. पुढच्या सोमवारी, ऑन-कॉलच्या यादीवरून निखिलने नवऱ्याच्या सहीचं काढलं तेव्हा अमेय म्हणाला, “ते राहू दे रे, चल पुढे जाऊ या.” कोणी हसलं नाही. तेव्हा निखिल थांबला. मधुराच्या प्रश्नाने तो गोंधळला होता, पण थांबला तो एका पुरुषाच्या सात-आठ शब्दांनी. हे मला आवडत नाही, पण ते तसं आहे, आणि म्हणूनच अशा मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या प्रत्येक अमेयला मला हे सांगावंसं वाटतं.

निखिल बदलला का, ते मला माहीत नाही. स्टँडअपमधले शेरे थांबले. कोडची जास्तीची तपासणी थांबली नाही. त्यावर ती आता वही घेऊन त्याच्या वरच्या मॅनेजरशी बोलते आहे. ती टीम बदलायचाही विचार करते आहे, आणि तो पळपुटेपणा नाही, हे आम्ही दोघींनी मिळून मान्य केलं आहे.

गेल्या भेटीत ती त्या दुसऱ्या मुलीविषयी बोलली. “तिच्याशी काय बोलू? माफी मागू?”

“तुला काय वाटतं?”

“मला तिला सांगायचंय की ते हसू... तसं नव्हतं.”

“मग तसंच सांग.”

गुरुवारी रात्री तिचा मेसेज आला. दोघी कँटीनमध्ये चहाला बसल्या होत्या. मधुराने तिला ते हसू करून दाखवलं, माझ्यासमोर दाखवलं होतं तसं. ती मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, “हे मी पण करते. माझं जरा वेगळं आहे, मी खोकते.”