स्लॅब फोडण्याआधी

स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं नाणं तपासून, त्याच्या स्थितीचा दर्जा (ग्रेड) लेबलवर लिहून ज्यात सीलबंद केलेलं असतं ती प्लास्टिकची डबी. आधी ठरवा, फोडायचंच का? नाणं बाहेर काढलं की ग्रेडची हमी संपली, आणि पुन्हा पाठवल्यावर तोच ग्रेड मिळेलच असं नाही. नुसतं एनजीसी या ग्रेडिंग कंपनीतून पीसीजीएस या दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल तर स्लॅबसकट पाठवता येतं, ते बरं.

फोडणारच असाल तर हातोडी नको. (व्हिडिओत दिसते, तरी नको.) डोळ्यांवर चष्मा लावा, स्लॅब जाड टॉवेलात गुंडाळा, नाण्यापासून लांबचा कोपरा कटिंग प्लायरने दाबा. कट्ट आवाज येऊन कडेचा जोड उकलतो; मग सावकाश फाकवा. घाई नडते ती इथेच: प्लास्टिकचं टोक नाण्यावरून घासलं की चरा कायमचा. नाणं कडेनंच धरा. लेबल जपून ठेवा. कंपनीला परत केलंत तर त्यांच्या नोंदीत एकच नाणं दोनदा मोजलं जात नाही.