ट्रान्स्फरच्या बातम्यांनी हुरळू नकोस

अरे, फुटबॉल नव्याने बघायला लागलायस, तर ४-३-३ की ३-५-२ (बचाव, मधली फळी म्हणजे मिडफिल्ड, आणि आक्रमण यांत किती खेळाडू) यावर लगेच भांडायला जाऊ नकोस. ती नुसती कागदावरची मांडणी. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं बॉलकडे बघणं सोड आणि एकट्या फुलबॅकवर, म्हणजे बचावफळीतल्या कडेच्या खेळाडूवर, नजर ठेव. आपल्याकडे बॉल आला की तो लाइनीलगत वर पळतो, की आत मिडफिल्डमध्ये सरकतो? निम्मी टॅक्टिक्स तिथेच कळते.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- तीन सामने हरले की ‘मॅनेजर हाकला’. फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे मॅनेजर म्हणून आले. पहिला करंडक थेट १९९० चा, एफए कप.
- खेळाडूने क्लबचा फोटो लाइक केला म्हणजे ट्रान्स्फरचा (क्लब बदलण्याचा) सौदा झालाच! मेडिकल (वैद्यकीय तपासणी) आणि सही होईपर्यंत काही खरं नसतं. अशाच अफवेवर मी एका खेळाडूच्या नावाची जर्सी छापून घेतली होती, अजून कपाटात पडून आहे.

एक्सजी (संधीतून गोल होण्याची शक्यता सांगणारा आकडा) वगैरे नंतर बघू.