बाहीवरचं काळीज

"मॅडम, मनातलं लगेच चेहऱ्यावर येतं. हे बंद कसं करू?" समुपदेशनाच्या कामात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो.

एकीने तो इंग्रजीतून आणला होता. वरिष्ठ तिला म्हणाले होते, "यू वेअर युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह." शब्दशः, तुम्ही काळीज बाहीवर लावून फिरता. तिला तो ठपका वाटला. तीन महिने ती ऑफिसात गप्प राहिली आणि घरी येऊन चिडत राहिली.

"मला कठोर व्हायचंय," ही तिची एकच मागणी. मी घाई केली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे. माणूस बदलतो तो आधी स्वतःला आहे तसं स्वीकारल्यावर, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पाचव्या भेटीत तिला म्हटलं, "हे वाक्य मुळात कोणाच्या तोंडी आहे, ठाऊक आहे?" शेक्सपिअरच्या १६०४ च्या सुमाराच्या 'ऑथेल्लो' नाटकात ते खलनायक इयागो बोलतो. माझ्या वागण्यातून माझं मन दिसू लागलं, तर मी काळीज बाहीवर लावून कावळ्यांना टोचायलाच दिल्यासारखं होईल, असं तो म्हणतो. आणि पुढे कबूल करतो, की मी दिसतो तसा नाही. त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्यांचा तो घात करतो.

ती बराच वेळ गप्प होती.

"म्हणजे मी याच्यासारखं व्हायला निघाले होते?"

मग ती रडली. एरवी डोळे ओले झाले की आधी 'सॉरी' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. त्या दहा मिनिटांत मीही एक शब्द बोलले नाही, आणि तेच बरं झालं असं मला आजही वाटतं.

इंग्रजीत हा वाक्प्रचार फक्त प्रेमाबद्दल नाही. राग, आनंद, दुःख, जे वाटतं ते उघड दिसू देणाऱ्या कुणालाही तो लावतात. कौतुक की सावधगिरीचा इशारा, हे सूर ठरवतो. आपल्याकडे तर टोमणा उलट्या माणसाला आहे: पोटात एक, ओठात एक. मात्र आतबाहेर एक असणं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगणं नव्हे. आधी भावना ओळखा, तिला नाव द्या, मग कुणापुढे किती उघडायचं ते ठरवा. दडपलेलं मन भलत्याच ठिकाणी फुटतं.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "काल मीटिंगमध्ये डोळे भरून आले. 'मला वाईट वाटलंय, पाच मिनिटांनी बोलते,' एवढंच म्हटलं."

"मग?"

"मग पाच मिनिटांनी बोलले."