लंडनमध्ये परवडणारं हॉटेल: आधी स्टेशन ठरवा, मग खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये सहा रात्री लंडन; तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी. मध्यवर्ती भागातले दर बघून धडकी भरली आणि एजंटने हीथ्रो विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल सुचवलं. ते घ्यावं का?

घेऊ नका. मी इथे बरीच वर्षं राहते आणि येणाऱ्या नातेवाइकांसाठी, ओळखीच्यांसाठी खोल्या शोधायचं काम दर उन्हाळ्यात माझ्याकडे असतं. लंडनमध्ये नुसता खोलीचा दर बघून काहीच कळत नाही. खोली, रोजचा प्रवास आणि सकाळचा नाश्ता यांची बेरीज करा, तो तुमचा खरा दर.

इथली वाहतूक झोनमध्ये विभागलेली आहे. मध्यभाग झोन १ आणि बाहेर जाऊ तसा आकडा वाढतो. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून फिरलात की दिवसभरात एका मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. २०२५ मध्ये ही मर्यादा झोन १-२ साठी ८.९० पौंड, झोन १-३ साठी १०.५० आणि झोन १-६ साठी १६.३० पौंड होती. ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत ट्यूब (इथली भुयारी रेल्वे) आणि बस फुकट, म्हणजे हिशेब तुम्हा तिघांचाच. झोन २ ऐवजी झोन ३ मध्ये राहिलात तर त्या दरांनी तिघांचे मिळून दिवसाला जास्तीत जास्त ४.८० पौंड जादा. खोली रात्रीला तीस-चाळीस पौंडांनी स्वस्त मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. हीथ्रो मात्र झोन ६ मध्ये. तिथे हाच फरक दिवसाला २२.२० पौंडांवर जातो. वर विमानतळाजवळची बरीच हॉटेलं बाथ रोडवर आहेत. तिथून आधी बस, मग पिकॅडिली लाइनने पाऊण-एक तास. संध्याकाळी दमून परत येताना हेच सगळं उलट. दर वर्षी भाड्याचे आकडे थोडे बदलतात, निघण्यापूर्वी ताजे बघून घ्या.

म्हणून आधी नकाशा उघडा आणि स्टेशन ठरवा. सासूबाई सोबत आहेत, तेव्हा स्टेशनात लिफ्ट आहे की नाही हा पहिला प्रश्न. लंडनची अनेक जुनी स्टेशनं नुसत्या जिन्यांची आहेत. एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या सगळ्या ४१ स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या न चढता जाता येतं. तुमच्यासाठी मी तीन जागा सुचवेन. ईलिंग ब्रॉडवे: झोन ३, एलिझाबेथ लाइन थेट हीथ्रोहून येते आणि थेट मध्यभागातल्या टॉटनहॅम कोर्ट रोडला जाते. हॅमरस्मिथ: झोन २, पिकॅडिली लाइन हीथ्रोहून येते आणि पुढे साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमांकडे जाते. स्ट्रॅटफर्ड: पूर्वेला, झोन २ आणि ३ च्या सीमेवर, सेंट्रल, जुबिली आणि एलिझाबेथ अशा तिन्ही लाइन एकाच ठिकाणी. सासूबाईंच्या दृष्टीने माझी पसंती ईलिंगला. स्टेशनाबाहेर पडलं की दुकानं, बाग, बसायला जागा, आणि शाकाहारी जेवायचं तर भारतीय वस्तीचं साउथॉल त्याच लाइनवर पुढे.

वेम्बलीला ईलिंग रोडवर गुजराती आणि दाक्षिणात्य शाकाहारी खाणं भरपूर मिळतं, त्यामुळे आपल्या लोकांचा ओढा तिकडे असतो. हॉटेलंही बरी आहेत. मात्र स्टेडियममध्ये सामना किंवा मोठी मैफल असेल त्या रात्री दर एकदम वर जातात आणि स्टेशनात मुंगी शिरायला जागा नसते. तारखा तपासल्याशिवाय वेम्बली घेऊ नका.

आता हॉटेलांबद्दल. पॅडिंग्टन, अर्ल्स कोर्ट, किंग्ज क्रॉसजवळचा आर्गाइल स्क्वेअर या भागांत मध्यवर्ती असूनही स्वस्त अशी छोटी हॉटेलं दिसतील. फोटोत पांढरे खांब, काळं लोखंडी कुंपण, खिडकीत फुलं. ही १९व्या शतकातली उभी, अरुंद राहती घरं, त्यांचीच हॉटेलं केलेली. आत शिरलं की समोर गालिचा घातलेला चिंचोळा जिना, एका वेळी एक माणूस आणि एक बॅग जेमतेम मावेल इतका. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. वर्णनात ‘लोअर ग्राउंड’ लिहिलं असेल तर ती तळघरातली खोली. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात आणि भिंतींना ओल असू शकते. ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे इथेही आपल्यासारखाच पहिला मजला, एक जिना चढून. ‘शेअर्ड बाथरूम’ हे शब्द खालच्या बारीक अक्षरांत असतात, ते शोधून वाचा. दोघं तरुण असतील तर या हॉटेलांत मजेत राहावं. तुम्ही या भानगडीत पडू नका.

तुमच्यासाठी साखळी हॉटेलं योग्य: प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज, आयबिस, हॉलिडे इन एक्स्प्रेस. चकचकाट नाही, पण खोली कशी असेल ते आधी माहीत असतं. यांपैकी प्रीमियर इन मी कुटुंबांना जास्त सुचवते, कारण पूर्ण नाश्ता घेणाऱ्या एका मोठ्या माणसामागे १६ वर्षांखालच्या दोन मुलांना नाश्ता फुकट मिळतो. शाकाहारी माणसाचंही तिथे भागतं: टोस्ट, बटाट्याचे हॅश ब्राउन, बीन्स, मशरूम, फळं, दही. फॅमिली रूम मात्र दोन मोठे आणि दोन लहान यांच्यासाठीच असते. तुम्ही तीन मोठे आहात, तेव्हा दोन खोल्या लागतील हे धरून चाला आणि बुकिंग करतानाच शेजारशेजारच्या मागा. चौथ्या माणसाचं नाव लपवून एक खोली घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; आग लागली तर आत किती माणसं आहेत हे हॉटेलला माहीत असणं जिवाचा प्रश्न आहे.

दोन खोल्यांचा खर्च जड वाटला तर छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टहॉटेल बघा. संध्याकाळी खिचडी टाकता आली तर चौघांच्या बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचतात. साध्या हॉटेलातही बहुतेक खोल्यांत केटल असते, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा चालतात. इंडक्शन शेगडी नेऊ नका, मनाई असते. तूप, पेढे, दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला परवानगी नाही, तेही बॅगेत नकोत.

खाजगी फ्लॅटबद्दल मी सावध असते. लंडनमध्ये पूर्ण घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त असं थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला नियोजन परवानगी लागते, आणि नियम न पाळणारे बरेच आहेत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं बुकिंग निघायच्या आठवड्यात रद्द झालं. पैसे परत मिळाले, पण तोवर हॉटेलांचे दर दुप्पट झाले होते.

जूनऐवजी जुलै-ऑगस्ट जमत असेल तर विद्यापीठांची वसतिगृहंही बघा. एलएसई, इम्पीरियल, किंग्ज यांच्या खोल्या सुट्टीत पाहुण्यांना मिळतात आणि जागा अगदी मोक्याच्या. बहुतेक खोल्या एकट्यासाठी असतात, दोन पलंगांच्या (ट्विन) लवकर संपतात. फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीए या वसतिगृहालाही थेट विचारून बघा. आपलं जेवण तिथेच मिळतं.

वारांचाही खेळ आहे. सिटी, ऑल्डगेट, कॅनरी वार्फ हा ऑफिसांचा भाग. सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसं, शुक्रवारपासून खोल्या रिकाम्या आणि दर खाली. रविवारची रात्र तर जवळपास सगळीकडे स्वस्त. सहा रात्रींपैकी शनिवार-रविवार मधोमध आले तर एकूण बिलात फरक पडतो. जूनच्या अखेरीस विम्बल्डन सुरू होतं, म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा बरा.

पैसे भरताना रुपये नको, पौंड निवडा. रुपयांत दाखवलेल्या आकड्यात चलन बदलण्याचा नफा घातलेला असतो. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं बुकिंग अजिबात करू नका. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला लागत नाही. एजंट घाई करत असेल तर त्याला हे स्पष्ट सांगा. आत्ता रद्द करता येणारी खोली धरून ठेवा, व्हिसा आला की दर पुन्हा बघा, कमी झाला असेल तर नवी घेऊन जुनी सोडा.

विमान सकाळी उतरणारं असेल तर खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळणार नाही. लवकर प्रवेश मिळेल का आणि त्याचे किती पडतील हे आधीच ईमेलने विचारून ठेवा. रात्रभराच्या प्रवासानंतर सासूबाईंना आडवं व्हायला मिळावं यासाठी ते पैसे द्यायला हरकत नाही. तारखा नक्की झाल्या की लिहा, कोणत्या दिवशी स्टेडियमचा कार्यक्रम आहे आणि कोणती लाइन दुरुस्तीसाठी बंद आहे ते मी पाहून सांगते.