स्कॅनर शेवटी, आधी निर्लेखन

शाळेला ग्रंथालयासाठी निधी मिळालाय. आधी आरएफआयडी (पुस्तकात चिकटवायची, रेडिओलहरींनी वाचली जाणारी चिप) आणि टॅब घ्यावेत की मांडणी बदलावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हणेन, पहिला महिनाभर काहीच विकत घेऊ नका. निर्लेखन करा, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदींतून कमी करा. फाटकी, वाळवी लागलेली, प्लूटोला अजून नववा ग्रह म्हणणारी (2006 पासून तो ग्रहांत मोडत नाही) पुस्तकं यादी करून, रीतसर मंजुरी घेऊन बाद करा. आम्ही उलटं केलं. उत्साहाच्या भरात सगळ्या पुस्तकांना बारकोड डकवले आणि पुढच्याच वर्षी त्यातली ढीगभर पुस्तकं रद्दीत काढली.

दुसरी चूक याहून महागात पडली. मलपृष्ठावर आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाचा) बारकोड छापलेला आहेच, मग वेगळा कशाला, असं आम्हाला वाटलं. पण तो क्रमांक आवृत्तीचा असतो, प्रतीचा नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती स्कॅनरला सारख्याच. कुठली प्रत कुणाकडे आहे, पत्ताच लागेना. तेव्हा बारकोडवर दाखल नोंदवहीतला, प्रत्येक प्रतीला वेगळा मिळणारा क्रमांकच छापा. आयएसबीएन कामाला येतो तो नोंदी भरताना. कोहासारख्या ग्रंथालयाच्या मुक्तस्रोत संगणक प्रणालीत तो टाकला की बऱ्याचदा दुसऱ्या ग्रंथालयानं केलेली तयार नोंद उचलता येते. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, ती हातानं भरावी लागतात. कोहा फुकट आहे, पण ती सांभाळणारं माणूस लागतं, हे खर्चात धरा.

आरएफआयडीमुळे पुस्तकांचा गठ्ठा एकदम वाचला जातो, फळीवरून न काढता मोजदाद होते. पण चार-पाच हजार पुस्तकांच्या शाळेला ते माझ्या मते चैनीचं. बारकोड पुरतो.

खरा फरक पडतो तो कपाटांची कुलपं काढल्यावर. मुक्तद्वार ठेवा, म्हणजे मुलांना स्वतः पुस्तकं काढून बघू द्यात; चार पुस्तकं हरवतील, हरवू द्यात. खोलीच्या मध्ये उंच कपाटं नकोत, साधारण 120 सेंटिमीटरपर्यंतचीच, म्हणजे लहान मुलांचा हात पोचतो आणि देवघेवीच्या टेबलापासून सगळे कोपरे दिसतात. उंच कपाटं भिंतीला, तीही पक्की ठोकून. चाकाची खुर्ची जाईल अशी किमान 90 सेंटिमीटरची वाट सोडा. फळी 90 सेंटिमीटरहून लांब असली की भारानं मध्ये झोळ येतो. फळ्या गच्च भरू नका, पाऊण भराव्यात. उरलेल्या जागेत दोन-तीन पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून ठेवा, ती आधी उचलली जातात. खिडकीचं ऊन थेट पुस्तकांवर येऊ देऊ नका, कण्यांचे रंग उडतात. आणि काहीही हलवण्याआधी जमिनीवर खडूनं आखून एकदा चालून बघा; आमची दोन कपाटं दाराच्या वाटेत येतायत हे तेव्हाच कळलं.

टॅब तूर्त राहू द्यात. पुस्तक शोधायला दाराजवळ उभ्यानं वापरता येईल असा एक संगणक पुरे.

पुस्तकं साधारण किती आहेत आणि पूर्णवेळ ग्रंथपाल आहे का, ते कळवा. नसेल तर देवघेवीचं वेळापत्रक वेगळं बसवावं लागेल.